टेलची खोली

रात्री साडेदहाला विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे चक्कर मारली तर दार बंद, आतले दिवे मालवलेले, पण पायऱ्या भरलेल्या दिसतात. पायरीगणिक दोन-तीन मुलं, मांडीवर लॅपटॉप नाहीतर हातात मोबाइल, पायाशी डासांची कॉइल. कुणी शिष्यवृत्तीचा फॉर्म भरतंय, कुणी स्पर्धा परीक्षेच्या क्लासचं लेक्चर उतरवून घेतंय, कुणी 'जेवलास का' या आईच्या प्रश्नाला व्हिडिओ कॉलवर उत्तर देतंय. आतला राउटर रात्रभर चालू असतो आणि त्याची रेंज काचेतून पायऱ्यांपर्यंत येते, एवढंच त्या गर्दीचं कारण. हे दृश्य मी तीन विद्यापीठांत पाहिलं आहे. तिन्ही ठिकाणी त्या पायऱ्यांवर मुलगी एकही नव्हती.

मुली त्या वेळी वसतिगृहाच्या फाटकाच्या आत असतात. असं एक फाटक चार वर्षं रोज रात्री मीच लावून घेत होते. मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते मी, त्यामुळे पुढे जे लिहिते आहे त्यातला काही दोष माझ्याही खात्यावर जमा आहे.

आमच्या विद्यापीठाच्या मुख्य प्रवेशद्वारावर 'वाय-फाय परिसर' असा फलक होता. अजूनही असेल. फलक खोटा नव्हता, परिसरात वाय-फाय होतंच. प्रशासकीय इमारतीत होतं, कुलगुरूंच्या दालनात उत्तम होतं, सभागृहात पाहुणे आले की चालायचं. वसतिगृहातही प्रत्येक मजल्याच्या मार्गिकेत छताजवळ वाय-फायची एक पांढरी डबी लावलेली होती आणि तिचा हिरवा दिवा लुकलुकत असे. खोलीत जाऊन कॉटवर बसलं की मात्र फोनवरच्या रेषा एकेक करून गळून पडायच्या. 'दिलं आहे' आणि 'पोचलं आहे' यांच्यातलं हे अंतर जेमतेम वीस-पंचवीस फुटांचं. या सगळ्या विषयातला खरा वाद तेवढ्या फुटांचा आहे असं माझं मत आहे.

हे अंतर मला आधीपासून ओळखीचं होतं. माझं माहेर परभणी जिल्ह्यात, जायकवाडीच्या डाव्या कालव्याखाली. कालवा २०८ किलोमीटर लांबीचा, आणि आमचं शेत चारीच्या, म्हणजे कालव्यातून शेतांकडे जाणाऱ्या पाटाच्या, अगदी टेलला, शेवटच्या टोकाला. पाणी सुटलं की आधी तोंडाशी असलेल्यांचा ऊस भिजायचा, मग मधल्यांची रानं, आणि टेलवाल्याची पाळी येईपर्यंत आवर्तन, म्हणजे पाणी सोडायची फेरी, संपत यायचं. वडील रात्री बॅटरी घेऊन चारीच्या काठाकाठाने वर चालत जायचे, कुणी दारं अडवलंय का बघायला. सरकारी कागदावर मात्र आम्ही 'लाभक्षेत्रात'. अख्खं गाव ओलं दाखवलेलं. पाटबंधारे खात्यालाही हे ठाऊक आहे, म्हणून तर 'टेल टू हेड' पद्धत निघाली : आधी शेवटच्या शेतकऱ्याला पाणी द्यायचं आणि तिथून वर यायचं. ती किती पाळली जाते हा निराळा विषय, पण निदान मोजायचं कुठून हे खात्याने मान्य केलं आहे. वसतिगृहातल्या इंटरनेटच्या बाबतीत आपण अजून तेवढंही मान्य केलेलं नाही.

आपण तोंडाशी मोजतो. महाविद्यालयांना दर्जाची श्रेणी देणाऱ्या नॅकच्या स्वयंमूल्यमापन अहवालात संस्थेच्या इंटरनेट जोडणीची क्षमता विचारली जायची, आणि त्यातला सर्वांत वरचा पर्याय होता ५० एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला ५० मेगाबिट, किंवा त्याहून जास्त. संपूर्ण संस्थेसाठी ५०! आज शहरातल्या एका घरात चौघांचं कुटुंब एवढी जोडणी घेतं. तीनशे मुलांच्या वसतिगृहात रात्री दहाला शंभर जण एकाच वेळी नेटवर असले तर प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा एमबीपीएस येतो, आणि व्याख्यानाचा साधा व्हिडिओ नीट चालायला साधारण त्याच्या दुप्पट लागतो. शिवाय प्रश्न होता जोडणी किती घेतली याचा. शेवटच्या खोलीत किती उतरते हे कुणी विचारत नव्हतं. जे विचारलं जात नाही त्यासाठी निधीही मागता येत नाही, हे कुठल्याही कार्यालयीन अधीक्षकाला विचारा.

वर पाणी कमी आहे असंही नाही. विद्यापीठं आणि संशोधन संस्था वेगवान इंटरनेटने जोडणाऱ्या राष्ट्रीय ज्ञान जाळ्याला केंद्राने मार्च २०१० मध्ये ५,९९० कोटी रुपयांची मंजुरी दिली. त्याच सुमारास माहिती-तंत्रज्ञानातून शिक्षणाच्या राष्ट्रीय मोहिमेखाली विद्यापीठांना एक-एक गिगाबिटची जोडणी द्यायचं ठरलं. विद्यापीठाच्या सर्व्हर रूमपर्यंत कालवा येऊन थांबला आहे. तिथून वसतिगृहापर्यंतची वितरिका, जिन्यापर्यंतची चारी आणि खोलीपर्यंतची पोटचारी ही कामं विद्यापीठाची, आणि नेमकी तीच राहिली आहेत.

'पण हवंय कशाला? डेटा तर आता फुकटातच मिळतो.' हे वाक्य मी व्यवस्थापन परिषदेच्या सदस्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांकडून ऐकलं आहे, म्हणून त्याला सावकाश उत्तर देते.

५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं आणि त्यानंतरची दोन-तीन वर्षं हे म्हणणं जवळपास खरं होतं. जुलै २०२४ मध्ये कंपन्यांनी दर वाढवले तेव्हा रोज दीड जीबीचा, २८ दिवसांचा जिओचा २३९ रुपयांचा प्लॅन २९९ वर गेला. अठ्ठावीस दिवसांचा 'महिना' ही कंपन्यांची खास चलाखी. वर्षात असे तेरा महिने येतात. तेरा गुणिले २९९ म्हणजे ३,८८७ रुपये. पगारदाराला हा आकडा काहीच नाही. आता दुसरा आकडा त्याच्याशेजारी ठेवा. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या मुलांसाठी राज्याची डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांसाठी तिची रचना वर्षाला ६०,००० रुपयांची : भोजन ३२,०००, निवास २०,०००, निर्वाह ८,०००. इंटरनेटचा रकाना त्यात नाहीच, तो निर्वाहातून भागवायचा. म्हणजे कपडे, साबण, बसभाडं, झेरॉक्स, आजारपण या सगळ्यासाठीच्या आठ हजारांतले जवळजवळ निम्मे एकट्या रिचार्जवर जातात. आणि एवढं भरूनही दिवसाचा कोटा दीड जीबी. दोन तासांचं लेक्चर जरा स्पष्ट दिसेल असं लावलं की तो संपत येतो. मग बारा वाजायची वाट बघायची, कारण मध्यरात्री नवा दीड जीबी पडतो. मुलं रात्री एक वाजता का जागी असतात म्हणून चिडणाऱ्या पालकांना यातली एक खरी गोष्ट सहसा ठाऊक नसते.

हिशेब एवढ्यावर थांबत नाही. दोनशे मुलींच्या वसतिगृहाने सुटं-सुटं रिचार्ज केलं तर वर्षाला ७,७७,४०० रुपये होतात. हे पैसे आजही खर्च होतच आहेत. फक्त ते दोनशे गरीब खिशांतून, किरकोळ भावाने जातात. किराणा असा कुणी भरतं का? मेस आपण एकत्र चालवतो ती याच कारणाने.

वसतिगृह ही चीजच मुळात एकत्र भागवण्यासाठी जन्माला आली, आणि हे महाराष्ट्राला कुणी सांगायची गरज पडू नये. १९०१ मध्ये राजर्षी शाहूंच्या पुढाकाराने कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं, मग जैन, लिंगायत, मुस्लिम अशा एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहिली. खेड्यातल्या मुलाला शिकवायचं तर शहरात त्याचं पोट आणि पथारी यांची सोय आधी लागते, हे त्यामागचं सरळ गणित. भाऊराव पाटलांनी तेच गणित साताऱ्यात नेलं, १९२४ च्या त्यांच्या बोर्डिंगाला १९२७ मध्ये गांधीजी भेट देऊन गेले. त्या काळी दिव्याचं तेल ही बोर्डिंगाच्या जमाखर्चातली बाब असे. 'तेल घरून आण' असं मुलाला सांगितलं असतं तर अर्धी मुलं परत गेली असती.

याच संदर्भात एक जुनी सवय खटकते. रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करून कुणी मोठं झालं, ही गोष्ट आपण फार आवडीने सांगतो. निरोप समारंभात तर हमखास. मुलाच्या जिद्दीबद्दल ती आहेच, पण त्याच्या गावाने त्याला घरात दिवा दिला नाही हेही ती सांगते. ग्रंथालयाच्या पायऱ्यांवरच्या मुलांचा फोटो परवा कुणीतरी 'ज्ञानाची भूक' अशी ओळ घालून पुढे पाठवला. ती भूक कुणी ठेवली, हा प्रश्न त्या ओळीत नव्हता.

आता त्या वीस-पंचवीस फुटांकडे. मी भाषेची प्राध्यापक, मला यातलं काही कळत नव्हतं. भौतिकशास्त्र विभागातले एक सहकारी एका शनिवारी शिडी घेऊन आले आणि त्यांनी मला आमची इमारत नव्याने दाखवली. विद्यापीठांच्या जुन्या वसतिगृहांची बांधणी बहुतेक सारखी : मधे लांब मार्गिका, दोन्ही बाजूंना खोल्या, भिंती जाड, कुठे काळ्या दगडाच्या तर कुठे भरीव विटांच्या. ठेकेदार डब्या मार्गिकेत लावतो, कारण तिथे वायर ओढायला सोपं, खोल्या उघडून घ्याव्या लागत नाहीत आणि तपासणीला येणाऱ्याला हिरवा दिवा लगेच दिसतो. लहरींच्या दृष्टीने मात्र ही सगळ्यात वाईट जागा. मार्गिका म्हणजे सरळ बोगदा. एका टोकाच्या डबीचा आवाज दुसऱ्या टोकाच्या डबीला ठणठणीत ऐकू जातो, आणि शेजारच्या खोलीतल्या मुलीला तो दगडी भिंतीतून दहावा हिस्सा उरला तरी नशीब. वर खोलीच्या तोंडाशीच लोखंडी कपाट.

डब्या एकमेकींना ऐकतात यात बिघडतं काय, असं मी विचारलं. बिघडतं ते असं : वाय-फायमध्ये एका चॅनेलवर, म्हणजे लहरींच्या एका वाटेवर, एका वेळी एकानेच बोलायचं असतं, बाकीच्यांनी थांबायचं. ग्रामसभेत एकच माइक असावा तसं. जुन्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल जेमतेम तीन : १, ६ आणि ११. चार मजल्यांवर मिळून सोळा डब्या आणि माइक तीन. त्यात जिची रेंज कमकुवत तिचा फोन एकेक शब्द सावकाश, पुन्हा पुन्हा उच्चारतो आणि माइक अडवून ठेवतो. म्हणजे टेलच्या खोलीतली मुलगी स्वतः तर उपाशी राहतेच, शिवाय तिच्यामुळे जवळच्या खोल्यांचाही वेग उतरतो. टेल सुधारलं तर सगळ्यांचंच सुधारतं, असा याचा उलट अर्थ. कालव्यावर हे भाग्य नसतं, तिथे टेलला दिलेलं पाणी वरच्याला कमीच पडतं.

५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चॅनेल पुष्कळ आहेत, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये सरकारने या पट्ट्याचा मोठा भाग विनापरवाना वापरायला मोकळा केला. पण त्या लहरी भिंतीपुढे आणखी लवकर हात टेकतात. तेव्हा उपाय एकच : मार्गिकेत मोठा आवाज करणाऱ्या थोड्या डब्यांऐवजी खोल्यांच्या आत हळू बोलणाऱ्या जास्त डब्या. दोन-तीन खोल्यांमागे एक, कमी ताकदीवर. प्रत्येकीला एक केबल, जी तांब्याची असेल तर शंभर मीटरच्या आत संपली पाहिजे, आणि वीजही त्याच केबलमधून जाते. यात नवलाचं तंत्रज्ञान काहीच नाही. महाग आहे ती मजुरी आणि भिंतीला पाडायची भोकं. त्या शनिवारी आम्ही तळमजल्यावरच्या दोन डब्या काढून दोन खोल्यांत लावल्या. खर्च वायरपुरता. सोमवारी त्या बाजूच्या मुली गच्चीवर जाऊन बसायच्या थांबल्या. मंगळवारी मला विचारणा आली की विद्यापीठाच्या मालमत्तेची जागा कुणाच्या परवानगीने बदलली.

अंदाजपत्रकातला दुसरा खड्डा मंजूर संख्येचा. खोलीत दोन कॉट, म्हणून दोन मुलं धरून जाळं आखतात. प्रत्यक्षात मुलांच्या वसतिगृहात चार-पाच राहतात. जागा न मिळालेल्या, मित्राच्या खोलीत गादी टाकून राहणाऱ्या या मुलांना विद्यापीठात 'पॅरासाइट' म्हणतात, आणि ती स्वतःलाही हसत तेच म्हणवून घेतात. पुण्यात काय नि मराठवाड्यात काय, पॅरासाइटशिवाय वसतिगृह नाही. प्रशासनाला ती ठाऊक असतात, वायरला ठाऊक नसतात. प्रत्येकाकडे एक फोन, निम्म्यांकडे लॅपटॉप धरला तरी दोन माणसांसाठीच्या जोडणीवर सहा ते आठ यंत्रं येतात. लॉगिन मंजूर विद्यार्थ्यालाच, म्हणून एकाचा पासवर्ड पाच जण वापरतात, आणि यंत्रणा 'मर्यादा संपली' म्हणत सगळ्यांनाच बाहेर काढते. त्यावर काही ठिकाणी फोनचा मॅक पत्ता, म्हणजे जाळ्यावर यंत्र ओळखायचा क्रमांक, नोंदवून घ्यायचा तोडगा निघाला. तोवर २०१९-२० पासूनचे फोन प्रत्येक जाळ्याला मुद्दाम वेगळाच पत्ता सांगू लागले होते. 'काल चालत होतं मॅडम, आज नाही', या तक्रारीमागे बऱ्याचदा एवढंच असतं. संगणक केंद्रात फोन केला तर उत्तर मिळतं, आमच्या बाजूने सगळं ओके आहे.

आता अभ्यासक्रमाच्या बाजूने बघू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक केंद्राच्या 'स्वयम्' पोर्टलवरच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांतून घेता येतात. 'एक देश, एक सदस्यता' या योजनेला २५ नोव्हेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली : तीन वर्षांना ६,००० कोटी, सुमारे १३,००० संशोधन नियतकालिकं, ६,३०० हून जास्त सरकारी संस्था. चांगली योजना आहे, मी तिची लाभार्थी आहे. पण ही नियतकालिकं विनासायास उघडतात ती संस्थेच्या स्वतःच्या जाळ्यावरून. मोबाइलच्या डेटावर गेलं की लॉगिनची वेगळी वाट धरावी लागते, आणि ती वाट कुणी विद्यार्थ्याला नीट दाखवलेली नसते. म्हणजे संशोधन करणारी मुलगी दिवसा विभागात तास घेते, प्रयोगशाळेत उभी राहते, आणि वाचायला निवांत वेळ मिळतो तो रात्री खोलीत, जिथे संस्थेचं जाळं पोचत नाही. सहा हजार कोटींचं ग्रंथालय आणि वीस-पंचवीस फुटांची भिंत. सरकार एका हाताने अभ्यास ऑनलाइन नेतं आणि वसतिगृहाच्या नियमावलीत इंटरनेट अजून 'इतर सुविधा' या शीर्षकाखाली, कॅरम आणि टीव्हीच्या शेजारी बसलेलं आहे.

मुलींच्या बाबतीत हा प्रश्न वेगळा होतो, आणि तो तसा वेगळा मांडला जात नाही. मुलगा रेंज नसेल तर उठून बाहेर जातो : पायऱ्यांवर, कॅन्टीनच्या कट्ट्यावर, मित्राच्या खोलीत, चौकातल्या कॅफेत. मुलीला रात्री नऊनंतर जग म्हणजे खोली, मार्गिका, फार तर गच्ची, आणि गच्चीला बहुतेक ठिकाणी कुलूप. एकाच विद्यापीठात, एकाच शुल्कात, एकाच पदवीसाठी. फाटक का लावता यावर मी शंभरदा वाद घातला आहे, दोन्ही बाजूंनी. पालक फोन करून विचारतात 'फाटक किती वाजता लागतं', आणि उत्तर जितकं लवकरचं तितके ते खूश होतात. तो वाद चालू राहू दे. पण जोवर फाटक लागतं आहे तोवर आतल्या खोलीत ग्रंथालयाच्या पायरीइतकी तरी रेंज असणं हे फाटक लावणाऱ्याचं देणं आहे. मुलींना बाहेर जायला बंदी करायची आणि बाहेर मिळतं ते आत द्यायचं नाही, याला दुसरा शब्द नाही, वंचना म्हणतात.

न्यायालयापर्यंत हा विषय गेला तो केरळात. कोझिकोड जिल्ह्यात चेलन्नूरच्या श्री नारायण गुरु महाविद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहात संध्याकाळी सहा ते रात्री दहा मोबाइल जमा करून घ्यायचा नियम होता. बी.ए.च्या एका विद्यार्थिनीने तो पाळायला नकार दिला, तिला वसतिगृहातून काढलं, ती उच्च न्यायालयात गेली. न्या. पी. व्ही. आशा यांनी १९ सप्टेंबर २०१९ च्या निकालात सांगितलं की इंटरनेट वापरता येणं हा शिक्षणाच्या हक्काचा आणि राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ खालच्या खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे, आणि तिला परत घ्या. निकाल मोलाचा आहे. तो जितका आहे तितकाच मात्र वाचला पाहिजे. हातातला फोन काढून घेऊ नका, एवढं तो सांगतो. वसतिगृहाने खोलीत जाळं पुरवलंच पाहिजे असं तो म्हणत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०२० चा अनुराधा भसीन निकालही काश्मीरमधल्या इंटरनेटबंदीवरचा, म्हणजे बंदीच्याच प्रश्नावरचा आहे. म्हणजे कायद्याने कालवा बुजवायला मनाई केली, पण चारी खोदायचं काम कुणाच्या नावावर टाकलेलं नाही. ते नियमावलीतून, अर्थसंकल्पातून, विद्यार्थ्यांच्या मागणीतूनच व्हावं लागेल.

नेट दिलं की मुलं बिघडतात, हा आक्षेप राहिला. तो मी हसण्यावारी नेत नाही. पहाटे चारपर्यंत गेम खेळून सकाळच्या तासाला पेंगणारी मुलं मी वर्गात रोज बघते. आयआयटी मुंबईने तर २००७ साली वसतिगृहाच्या खोल्यांतलं इंटरनेट रात्री अकरानंतर बंद ठेवायला सुरुवात केली होती, मुलांनी झोपावं, एकमेकांत मिसळावं, सकाळी वर्गात यावं म्हणून. हेतू खोटा नव्हता. पण ते दिवस खिशात दुसरं इंटरनेट नसण्याचे होते. आज वसतिगृहाचं वाय-फाय बंद केलं तर ज्याच्याकडे महागडा प्लॅन आहे तो खेळतच राहतो आणि जिच्याकडे नाही तिचा प्रबंध थांबतो. मी स्वतः एकदा हा मूर्खपणा केला आहे. मेसमध्ये भांडण झालं, कोणी ऐकेना, म्हणून शिक्षा म्हणून दोन दिवस राउटर बंद ठेवला. तिसऱ्या दिवशी कळलं की एका मुलीची शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख त्यात गेली. नळ बंद करायचं माझ्या डोक्यात आलं नसतं. राउटर मात्र मी सहज बंद केला, कारण मनात कुठेतरी ते बक्षीसच होतं.

सुरक्षिततेबद्दल थोडक्यात. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या स्फोटांआधीचा ईमेल नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरातल्या उघड्या वाय-फायवरून गेला होता, तेव्हापासून हा धाक बसला. फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वापरणाऱ्याची ओळख पटवून मगच वाय-फाय द्या अशा सूचना काढल्या. ठीकच आहे, प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन द्या आणि ठरलेल्या मुदतीपुरत्या नोंदी ठेवा. एज्युरोम नावाची व्यवस्था जगभर चालते, भारतात ती अर्नेट ही सरकारी संस्था चालवते : आपल्या विद्यापीठाच्या खात्यावर दुसऱ्या विद्यापीठातही नेट मिळतं आणि कोण आलं हेही कळतं. मात्र लॉगिन आहे म्हणून कोणती मुलगी रात्री काय बघते याची यादी रेक्टरच्या टेबलावर येता कामा नये. माझ्याकडे एका पालकाने ती मागितली होती.

पैशाचं म्हणाल तर उभारणीला पैसे मिळतात, हे मी अनुभवाने सांगते. कुठल्या ना कुठल्या योजनेतून, नॅकच्या वर्षात, आमदार निधीतून डब्या येतात, उद्घाटन होतं. मिळत नाहीत ते देखभालीला. तीन वर्षांचा करार संपतो, ठेकेदार फोन उचलत नाही, जिन्याखालच्या पेटीतल्या स्विचची, म्हणजे सगळ्या डब्यांना नेट वाटणाऱ्या यंत्राची, बॅटरी मरते, उंदीर वायर कुरतडतो, आणि पेटीची किल्ली ज्याच्याकडे आहे तो शिपाई बदलून दुसऱ्या विभागात गेलेला असतो. एवढ्या साध्या कारणांनी लाखोंची यंत्रणा हिरवा दिवा दाखवत मेलेली असते. म्हणून नवीन निविदा काढण्याआधी मी तीन गोष्टी मागेन. देयक देताना मोजणी मार्गिकेत न करता प्रत्येक मजल्याच्या शेवटच्या खोलीत, दार लावून, कॉटवर बसून करा, आणि तीही रात्री दहा वाजता. सकाळी अकराला वसतिगृह रिकामं असतं, तेव्हा कुठलंही जाळं धावतं. देखभालीचा खर्च वसतिगृहाच्या वार्षिक अंदाजपत्रकात विजेच्या बिलाशेजारी कायमचा लिहा. आणि पेटीची किल्ली विद्यार्थ्यांच्या समितीकडे द्या. पाण्यासाठी २००५ च्या कायद्याने शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांना वाटपाचे अधिकार मिळाले. संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षातल्या मुलीवर एका स्विचच्या किल्लीचा विश्वास टाकायला हरकत नसावी. खरं तर ती तो स्विच ठेकेदाराच्या माणसापेक्षा लवकर चालू करेल.

रेक्टरपद सोडलं तेव्हा कार्यभार देताना जुनी तक्रार वही चाळली. नळ, डास, पोळ्या, पंखा, आणि दर दोन पानांआड नेट. दुसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या, म्हणजे आमच्या टेलच्या खोलीची एक नोंद होती, जूनमधली : 'मॅडम, खिडकीत उभं राहिलं तर एक रेष येते. कॉटवर येत नाही. परीक्षा जवळ आहे.' हीच ओळ ऑगस्टमध्ये, मग नोव्हेंबरमध्ये, दर वेळी थोड्या वेगळ्या अक्षरात, कारण खोलीतल्या तिघी आळीपाळीने लिहीत होत्या. आणि तिन्ही नोंदींखाली लाल शाईत माझी सही, वर एकच शब्द : 'पाहिले.'